वेबपत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा मजकूर: काय ठेवावे, काय कापावे आणि काय कोणालाही पाठवू नये

गिरगावातील आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर येणाऱ्या बहुतेक लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे अक्षरांची व आकड्यांची लांबलचक माळ असते. ती माळ म्हणजे व्हायरस आहे का, ती कापून टाकली तर चालेल का, आणि आपण ज्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचे काम पाहता त्याच्या अहवालात एकच पान अनेक निरनिराळ्या पत्त्यांनी का दिसते, असे आपण विचारले आहे. तो व्हायरस नव्हे, हे आधी सांगतो. कापण्याबाबत मात्र एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नचिन्हापुढे येणाऱ्या मजकुरापैकी काही मजकुरावाचून पानच उघडत नाही, काही केवळ मोजणीसाठी चिकटवलेला असतो, आणि काही असा असतो की तो ज्याच्या हाती पडेल त्याला आपल्या खात्यात थेट प्रवेश मिळतो. यांतले काय कोणते, हे लांबीवरून किंवा दिसण्यावरून कळत नाही. तो मजकूर कोण वाचतो आणि वाचून काय करतो, हे पाहावे लागते.

वेबपत्त्याची रचना ठरलेली आहे. तिचे प्रमाणित वर्णन टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मॅसिंटर यांनी जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आरएफसी ३९८६’ या दस्तऐवजात आहे. सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’, मग दोन तिरप्या रेघांनंतर संकेतस्थळाचे नाव, त्यापुढच्या एकेरी तिरप्या रेघेपासून पानाचा मार्ग, प्रश्नचिन्हानंतर क्वेरी, आणि असल्यास अगदी शेवटी ‘#’ या चिन्हानंतरचा तुकडा, असा तो क्रम आहे. क्वेरीमध्ये साधारणपणे नाव आणि मूल्य यांच्या जोड्या असतात. जोडीतील नाव व मूल्य यांच्यामध्ये ‘=’ असते आणि दोन जोड्यांच्या मध्ये ‘&’ असते. यातील प्रत्येक जोडीला पॅरामीटर म्हणतात.

समजा, एका ग्रंथालयाचा पत्ता ‘उदाहरण.भारत/पुस्तके?विषय=नाटक&पान=२’ असा आहे. येथे ‘विषय’ आणि ‘पान’ हे दोन्ही पॅरामीटर सर्व्हरवरील प्रोग्रॅम वाचतो आणि त्यानुसार नाटकांच्या यादीचे दुसरे पान तयार करून देतो. प्रश्नचिन्हापासून पुढचे सगळे कापले, तर पत्ता चुकीचा होत नाही, पण सगळ्या पुस्तकांच्या यादीचे पहिले पान उघडते, म्हणजे जे दाखवायचे होते ते दिसत नाही. आता याच पत्त्याच्या शेवटी कोणी ‘&यूटीएम_सोर्स=व्हॉट्सॲप’ असे जोडले, तर यादी करणारा प्रोग्रॅम त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण त्या नावाचा पॅरामीटर त्याला माहीतच नसतो, आणि माहीत नसलेला पॅरामीटर दुर्लक्षित करणे ही बहुतेक संकेतस्थळांची रीत आहे. कोणीही कोणाच्याही पत्त्याला काहीही चिकटवू शकतो आणि तरी पान नीट उघडते, याचे सगळे रहस्य एवढेच आहे. ज्या जाहिरात कंपनीचा आपल्या ग्रंथालयाशी काडीचाही संबंध नाही, तिची अक्षरे आपल्या पत्त्याच्या शेवटी दिसतात तीही यामुळेच.

‘यूटीएम’ने सुरू होणारे पॅरामीटर आपण सर्वाधिक पाहिले असतील. हे नाव अमेरिकेतील सॅन डिएगो येथील अर्चिन या कंपनीच्या मोजणीच्या प्रणालीवरून आले. गूगलने ही कंपनी २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स ही सेवा सुरू केली. नाव जुनेच राहिले. सोर्स, मीडियम, कॅम्पेन, टर्म आणि कंटेंट असे त्याचे पाच प्रचलित प्रकार आहेत. वाचक कोठून आला, ईमेलमधून की जाहिरातीतून, कोणत्या मोहिमेतून, एवढेच ते सांगतात. त्यांची मूल्ये संकेतस्थळ चालवणाऱ्याने हाताने लिहिलेली असतात आणि ती लिंक मिळालेल्या प्रत्येकासाठी सारखीच असतात, त्यामुळे त्यांतून आपण कोण आहात हे कळत नाही. पाकिटावरील पत्त्याशेजारी टपाल खात्याने मारलेल्या शिक्क्यासारखे त्यांचे काम असते: पत्र कोठून निघाले ते शिक्का सांगतो, पण पत्र पोचणे त्यावर अवलंबून नसते. ते कापावेत का? कापले तर काही बिघडत नाही. माझे मत असे, की एखाद्या लहान संस्थेने पाठवलेल्या लिंकमधील यूटीएम कापण्याचा आग्रह धरू नये. कोणत्या आवाहनाचा उपयोग झाला हे त्या संस्थेला याच मार्गाने कळते.

क्लिकची ओळख वाहणारे पॅरामीटर वेगळ्या जातीचे आहेत. फेसबुकवरील लिंक उघडली की पत्त्यामागे ‘एफबीसीएलआयडी’ येते, गूगलच्या जाहिरातीवरून गेल्यास ‘जीसीएलआयडी’, मायक्रोसॉफ्टच्या जाहिरातीवरून गेल्यास ‘एमएससीएलकेआयडी’. यूटीएमचे मूल्य वाचून अर्थ लावता येतो, पण यांचे मूल्य म्हणजे निव्वळ सांकेतिक अक्षरे असतात आणि प्रत्येक क्लिकला ती नव्याने तयार होतात. ज्या कंपनीने ती तयार केली, तिलाच ही क्लिक कोणत्या जाहिरातीवर आणि कोणत्या खात्यावरून झाली याचा मेळ घालता येतो. हे पॅरामीटर वाढण्यामागे कारण आहे. ॲपलने २०१७ मध्ये सफारी ब्राउझरमध्ये एका संकेतस्थळावरून दुसऱ्या संकेतस्थळावर वाचकाचा माग काढणाऱ्या कुकींवर, म्हणजे संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींवर, बंधने आणली. कुकी हा मार्ग अरुंद झाला, तेव्हा ओळख पत्त्यातूनच नेण्यावर भर वाढला. फेसबुकचा वरील पॅरामीटर २०१८ पासून सर्वत्र दिसू लागला. त्यावर ब्राउझरवाल्यांनी प्रत्युत्तर दिले: फायरफॉक्सने जून २०२२ मधील १०२ व्या आवृत्तीपासून संरक्षणाच्या कडक स्तरावर असे पॅरामीटर आपोआप गाळायला सुरुवात केली, ब्रेव्ह ब्राउझर ते आधीपासूनच गाळत होता, आणि ॲपलने सप्टेंबर २०२३ मधील आयओएस १७ पासून मेल, मेसेजेस आणि सफारीच्या खासगी खिडकीत हीच सोय दिली. ॲपलची ही सोय क्लिकची ओळख काढून टाकते, यूटीएमला मात्र हात लावत नाही. मोहिमेची मोजणी आणि माणसाची मोजणी यांत तिने केलेला हा फरक मला योग्य वाटतो.

म्हणून लिंक पुढे पाठवताना ही सांकेतिक अक्षरे खुशाल कापावीत. काय कापावे हे ठाऊक नसेल, तर प्रश्नचिन्हापासून पुढचे सगळे काढून पत्ता नव्या खिडकीत उघडून पाहावा आणि तेच पान आले तर छोटी लिंक पाठवावी. वेगळे पान आले तर एकेक पॅरामीटर काढत जावा. यूट्यूबच्या लांब पत्त्यात ‘व्ही’ या पॅरामीटरमध्ये ११ अक्षरांची व्हिडिओची ओळख असते; ती काढली तर व्हिडिओच उघडणार नाही. ‘टी’ हा व्हिडिओ कोणत्या क्षणापासून सुरू व्हावा हे सांगतो, आणि शेअर बटणावरून घेतलेल्या लिंकमधील ‘एसआय’ काढला तरी व्हिडिओ तसाच चालतो. ॲमेझॉनवरील वस्तूच्या पत्त्यात ‘डीपी’नंतरची १० अक्षरे पुरेशी असतात, त्यापुढे ‘टॅग’ नावाचा पॅरामीटर असेल, तर आपण केलेल्या खरेदीवर लिंक देणाऱ्याला दलाली मिळण्याची ती व्यवस्था असते. त्यात गैर काही नाही, पण गटावर ‘स्वस्त मिळतेय, लगेच घ्या’ असे सांगणाऱ्याचा हेतू त्यावरून उमगतो. फायरफॉक्समध्ये लिंकवर उजवी क्लिक केली की माग काढणारे पॅरामीटर वगळून ती कॉपी करण्याचा पर्यायही आता मिळतो.

येथे मराठी वाचकांची एक खास अडचण सांगायला हवी, कारण तिच्यामुळे चांगल्या लिंक विनाकारण कापल्या जातात. वेबपत्त्यात मुळात ठरावीक रोमन अक्षरे, आकडे आणि काही चिन्हेच चालतात. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइटांत साठवले जाते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन अक्षरे अशा रीतीने लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात. ‘मुंबई’ या शब्दात म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी पाच चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची ४५ अक्षरे होतात. मराठी विकिपीडियावरील लेखाची लिंक कॉपी करून गटात टाकली की जी टक्क्यांची रांग दिसते, ती हीच. तिच्यात पाळत वगैरे काही नसते, तो लेखाचा मथळाच असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: देवनागरीचे प्रत्येक चिन्ह रोमन लिपीतील ‘%ई०%ए४’ किंवा ‘%ई०%ए५’ यानेच सुरू होते. ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली, तर तो मजकूर मराठी किंवा हिंदी शब्दांचा आहे असे समजावे आणि त्याला कात्री लावू नये. शोधाच्या निकालावरून आलेल्या काही लिंकमध्ये ‘#’ नंतर विरामचिन्हे आणि एखादे अख्खे वाक्य याच रूपात असते. क्रोम ब्राउझरमध्ये २०२० पासून आलेल्या सोयीनुसार ते वाक्य पानावर रंगवून दाखवले जाते. ‘#’ नंतरचा भाग पान मागवताना सर्व्हरला पाठवलाच जात नाही, तो फक्त ब्राउझर वाचतो, त्यामुळे ते कापल्यास पान तेच राहते, फक्त रंगवलेली ओळ जाते.

आता ज्या भागाबद्दल आपण विचारले नाही, पण मला अधिक काळजी वाटते, त्याकडे वळतो. काही पॅरामीटर आपण कोण आहात हे सांगतात, आणि काही तर आपणच आहात असे गृहीत धरून संकेतस्थळ उघडून देतात. पासवर्ड बदलण्यासाठी ईमेलवर आलेली लिंक, रुग्णालयाच्या तपासणीचा अहवाल पाहण्यासाठी एसएमएसवर आलेली लिंक, सामायिक केलेल्या फाइलची खासगी लिंक, या सगळ्यांत ‘टोकन’, ‘की’, ‘सिग्नेचर’ अशा नावांचा लांब पॅरामीटर असतो आणि तोच किल्ली असतो. तो कापला तर पान उघडणार नाही. न कापता गटावर पाठवला तर गटातील प्रत्येकाला ते पान उघडेल. मेलचिंप या सेवेतून येणाऱ्या वार्तापत्रांच्या लिंकमध्ये ‘एमसी_ईआयडी’ हा पॅरामीटर असतो आणि तो ज्या सभासदाला ईमेल गेला त्या एका सभासदाचीच ओळख असतो. अशी लिंक पुढे पाठवली की दुसऱ्यांच्या क्लिक आपल्या नावावर मोजल्या जातात. जुन्या पद्धतीच्या काही संकेतस्थळांत लॉगिनची ओळखही पत्त्यात असते. ‘सेशन’ किंवा ‘सेस आयडी’ असे काही दिसले तर ती लिंक कोणालाही देऊ नये. एचटीटीपीएसमुळे वाटेत कोणाला प्रश्नचिन्हापुढचा मजकूर वाचता येत नाही हे खरे, पण तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो, आणि दादर स्थानकाबाहेरच्या सायबर कॅफेतील सामायिक संगणकावर तर पुढच्या माणसालाही दिसतो.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट. पत्त्यात ‘आयडी=१०४२’ असे असेल आणि १०४२ च्या जागी १०४३ लिहिल्यावर दुसऱ्या कोणाचे देयक किंवा अर्ज दिसू लागला, तर तो संकेतस्थळातील गंभीर दोष आहे. कुतूहल म्हणून पुढचे आकडे घालून पाहत बसू नये. अनधिकृत प्रवेश हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली येणारा विषय आहे. संबंधित संस्थेला लेखी कळवावे, आणि दाद मिळाली नाही तर ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवता येते.

फसवणुकीच्या लिंक ओळखण्यासाठी लोक प्रश्नचिन्हापुढच्या माळेकडे पाहतात, ही मात्र चुकीची जागा आहे. ‘गॅसचे बिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडली जाईल’ किंवा ‘ई-चलान भरा’ अशा संदेशांत पाहायचे ते संकेतस्थळाचे नाव. पहिल्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढच्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत, ती नसेल तर प्रश्नचिन्हापर्यंत किंवा ‘#’पर्यंत जे असते तेवढेच नाव, आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. बँकेचे किंवा शासनाचे नाव त्या रेघेच्या पुढे, प्रश्नचिन्हानंतर किंवा डावीकडे ठिगळासारखे आले असेल तर त्याला काही किंमत नाही, कारण तेथे कोणीही काहीही लिहू शकतो. नावाच्या भागात ‘@’ चिन्ह आले असेल, तर खरे नाव त्या चिन्हानंतरचे असते आणि आधीचा मजकूर दिशाभूल करण्यासाठी टाकलेला असण्याचीच शक्यता जास्त. बँकांच्या बाबतीत आता एक भक्कम खूण उपलब्ध आहे: फोर्ट येथे मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना त्यांची संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नावावर नेण्यास सांगितले.

पॅरामीटरचा एक गैरवापर मात्र खरोखरच या विषयातला आहे. काही संकेतस्थळांत ‘रीडायरेक्ट’, ‘नेक्स्ट’ किंवा ‘यूआरएल’ नावाचा पॅरामीटर असतो. लॉगिन झाल्यावर वाचकाला कोठे न्यायचे ते त्यात लिहिलेले असते. त्या संकेतस्थळाने हे मूल्य तपासून घेतले नाही, तर सुरुवातीला विश्वासार्ह नाव आणि पॅरामीटरमध्ये भलताच पत्ता अशी लिंक तयार करता येते. नाव खरे, पण नेणार भलतीकडे. म्हणून लिंक उघडल्यानंतर ब्राउझरच्या पट्टीत शेवटी कोणते नाव उरले, ते पाहिल्याखेरीज पासवर्ड किंवा ओटीपी टाकू नये. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

पॅरामीटर म्हणजे काहीतरी संशयास्पद, असा समज होऊ नये म्हणून आपण रोज वापरत असलेले उदाहरण देतो. भाजीवाल्याच्या गाडीवर लावलेला यूपीआयचा क्यूआर कोड म्हणजे चित्ररूपातील पत्ताच असतो. वांद्रे-कुर्ला संकुलातील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत पत्त्याची सुरुवात ‘यूपीआय’ने होते आणि प्रश्नचिन्हानंतर ‘पीए’ म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, ‘पीएन’ म्हणजे त्याचे नाव, ‘एएम’ म्हणजे रक्कम आणि ‘सीयू’ म्हणजे चलन, असे पॅरामीटर येतात. छापून चिकटवलेल्या कोडमध्ये सहसा रक्कम नसते, म्हणून ती आपण टाकतो. दुकानातील यंत्राच्या पडद्यावर बिलागणिक बदलणाऱ्या कोडमध्ये रक्कम आधीच भरलेली असते. येथे ध्यानात ठेवण्यासारखे हे, की ‘पीएन’मधील नाव कोड तयार करणाऱ्याने लिहिलेले असते आणि पैसे जातात ते ‘पीए’वर. म्हणून कोडच्या कागदावर छापलेल्या नावापेक्षा, पैसे देण्यापूर्वी ॲप खातेदाराचे जे नाव दाखवते, त्यावर विसंबावे.

आता आपल्या ग्रंथालयाच्या अहवालाबद्दल. ‘?’ पुढचा मजकूर वेगळा असेल तर मोजणीची साधने, मधले साठवण सर्व्हर आणि शोधयंत्रे तो पत्ता वेगळा समजू शकतात. व्याख्यानमालेचे एकच पान फेसबुकवरून शंभर जणांनी उघडले, तर क्लिकगणिक नवी ओळख जोडली गेल्यामुळे शंभर निरनिराळे पत्ते तयार होतात. अहवालात प्रश्नचिन्हाशिवायचा मार्ग दाखवणारा स्तंभ निवडला की हा पसारा आटोपतो. शोधयंत्रांसाठी प्रत्येक पानाच्या शीर्षभागात ‘कॅनॉनिकल’ हा टॅग घालून त्या पानाचा खरा पत्ता कोणता ते सांगावे. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी या टॅगला मान्यता देण्याचे फेब्रुवारी २००९ मध्ये जाहीर केले होते आणि आजही तोच उपाय प्रचलित आहे. सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळचालकांसाठीच्या सेवेत पॅरामीटर हाताळण्यासाठी एक वेगळे साधन होते, ते २०२२ मध्ये बंद झाले. जुन्या मार्गदर्शक लेखांत त्याचा उल्लेख आढळला तर शोधत बसू नये.

आपण स्वतः यूटीएम वापरणार असाल, आणि वापरावेत असेच मी सुचवेन, तर मूल्ये एकाच पद्धतीने लिहावीत, कारण रोमन अक्षरांतील लहान व मोठी लिपी अहवालात निराळी मोजली जाते आणि ‘फेसबुक’चे दोन रकाने पडतात. मूळ पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल, तर पुढचा पॅरामीटर ‘&’ने जोडावा; दुसरे प्रश्नचिन्ह टाकल्यास ते आधीच्या पॅरामीटरच्या मूल्यात मिसळते आणि दोन्ही बिघडतात. पत्त्यात ‘#’ असेल, तर यूटीएम त्याच्या आधी यायला हवेत. संकेतस्थळावरील एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या आपल्याच लिंकला यूटीएम लावू नयेत, कारण त्यामुळे वाचक मुळात कोठून आला त्याची नोंद बिघडते. सभासदांचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा ईमेल पत्ता तर कोणत्याही पॅरामीटरमध्ये घालू नये: गूगल ॲनालिटिक्सच्या अटींत त्याला मनाई आहे, आणि सभासदाची वैयक्तिक माहिती सांभाळण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संस्थेवरच टाकली आहे. सूचनाफलकावरील पत्रक, वार्तापत्र आणि व्हॉट्सॲप गट यांसाठी तीन निराळी यूटीएम मूल्ये आणि पत्रकासाठी त्या लिंकचा क्यूआर कोड, एवढे केले तरी पुढच्या व्याख्यानाला पत्रके किती छापायची, ते आपल्याला अहवालातून ठरवता येईल.